परदेशातलं वास्तव्य आणि दुसऱ्यांच्या रीती

(व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)



आजच्या विषयाला मी जरा नाखुशीनेच हो म्हटलं, हे आधी कबूल करतो. "परदेशात गेल्यावर तिथल्या संस्कृतीचा आदर करावा" या वाक्याला कोणीच नाही म्हणत नाही. आणि ज्या वाक्याला कोणीच नाही म्हणत नाही, त्यात बहुधा फारसा अर्थ उरलेला नसतो. हल्ली मुलं परदेशी निघाली की त्यांच्या हातात एक यादी देतात. वेळेवर पोहोचा, मोठ्याने बोलू नका, पगार विचारू नका. यादी वाईट नाही. पंधरा दिवसांच्या कामासाठी जाणाऱ्याला ती पुरते. पण जो दोन वर्षं, दहा वर्षं राहणार आहे, ज्याची मुलं तिथल्या शाळेत जाणार आहेत, त्याला यादी पुरत नाही. तेव्हा आज मी एकच प्रश्न घेणार आहे. दुसऱ्याच्या रीतीचा आदर करणं म्हणजे नेमकं काय करणं?

सुरुवात एका जुन्या गोष्टीने करू. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस, इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातला. तो इराणच्या दरायस बादशहाची गोष्ट सांगतो. बादशहाने दरबारातल्या ग्रीकांना विचारलं, काय घ्याल आणि आपल्या मेलेल्या बापाचं मांस खाल? ग्रीक म्हणाले, कितीही दिलंत तरी नाही. मग त्याने भारताकडच्या एका जमातीच्या लोकांना बोलावलं. त्यांच्यात मेलेल्या आईबापांचं मांस खाण्याची चाल होती, असं हिरोडोटस म्हणतो. ग्रीकांच्या देखत, दुभाष्याकरवी त्यांना विचारलं, काय घ्याल आणि बापाला जाळाल? त्यांनी कानांवर हातच ठेवले! असलं अभद्र बोलू नका म्हणाले. दोघांनाही बापाविषयी प्रेम होतं, बरं का. एकाचं प्रेम चितेवर दिसत होतं, दुसऱ्याचं ताटात.

आम्ही तत्त्वज्ञानाच्या वर्गात ही गोष्ट वर्षानुवर्षं शिकवली. मुलं त्यातून लगेच निष्कर्ष काढतात, की सर, म्हणजे प्रत्येकाची रीत प्रत्येकाला बरोबर, आपण कशाला बोलायचं? इथे थांबा. "रीती वेगवेगळ्या आहेत" ही वस्तुस्थिती झाली. "म्हणून कोणत्याच रीतीबद्दल काही म्हणायचं नाही" हा निर्णय झाला. पहिल्यातून दुसरं आपोआप निघत नाही. आणि मला वाटतं, या उडीमुळेच आदर या शब्दाचा आपल्याकडे एक पोकळ अर्थ झाला आहे, गप्प बसणं. तुमचं तुम्हाला, आमचं आम्हाला. हा आदर नाही हो. हे नुसतं अंतर राखणं झालं.

मग आदर म्हणजे काय? हे मला पुस्तकातून कळलं नाही. एका जिन्यावर कळलं. ती हकिगत सांगतो.

१९८४ च्या ऑक्टोबरात मी जर्मनीत ट्युबिंगेनला गेलो. वय चौतीस. पुण्यात मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकलो होतो, त्यामुळे डोक्यात थोडी हवाही होती. ट्युबिंगेन हे गाव छोटं, पण विद्यापीठ १४७७ सालचं. हेगेल, शेलिंग आणि कवी ह्योल्डरलिन तिथल्या धर्मशिक्षणाच्या वसतिगृहात एकत्र शिकलेले. संस्कृतच्या मोठ्या जर्मन कोशाचे एक संपादक रुडॉल्फ रोट तिथलेच प्राध्यापक. महायुद्धानंतर ग्लासेनाप तिथे शिकवत, ज्यांनी जैन दर्शनावर मोठा ग्रंथ लिहिला. म्हणजे मी आपला तीर्थक्षेत्रीच निघालो होतो म्हणा ना.

राहायला मिळालं ते तीन मजली घरात, दुसऱ्या मजल्यावर. आत शिरताना एक छापील नियमावली हातात पडली. दुपारी एक ते तीन आवाज करू नये. रात्री दहानंतर करू नये. रविवारी दिवसभर करू नये. मला हसू आलं. पुण्यातली दुकानं दुपारी एक ते चार बंद म्हणून आपली जगभर चेष्टा होते, आणि या लोकांनी वामकुक्षी घराच्या नियमावलीत छापून ठेवलेली!

हसू फार टिकलं नाही. एका रविवारी मी भिंतीत खिळा ठोकत होतो, ज्ञानेश्वरांची तसबीर लावायला. चौथ्या ठोक्याला दार वाजलं. तळमजल्यावरच्या बाई. सत्तरीच्या असाव्यात. त्या एवढंच म्हणाल्या, "आज रविवार आहे." आणि गेल्या. मी पेटलो. मनात पहिला विचार कोणता आला असेल? मी काळा म्हणून बोलली. जर्मन माणूस असता तर बोलली असती का?

दुसऱ्या दिवशी विभागातल्या एका सहकाऱ्याला मी हे जरा रागातच सांगितलं. तो म्हणाला, मला पण बोलल्या असत्या. आणि मग त्याने मला जर्मन राज्यघटना दाखवली. रविवार हा विश्रांतीचा दिवस म्हणून कायद्याने राखला जाईल, असं १९१९ च्या वायमार राज्यघटनेत कलम होतं, ते १९४९ च्या घटनेने जसंच्या तसं उचललं. मला वाटलं होतं, ही चर्चची जुनी खोड असेल. चर्चचा आग्रह आहेच. पण कामगार संघटनाही तितक्याच जोराने रविवार राखायला उभ्या राहतात, कारण दुकान उघडं राहिलं तर दुकानातली बाई कामावर येते आणि तिचं पोर घरी एकटं राहतं. दुकानं तेव्हा शनिवारी दुपारी दोनला बंद व्हायची. ज्याला आपण गैरसोय म्हणतो ती कोणाची तरी हक्काची सुट्टी होती.

इथे आदराची पहिली पायरी मला कळली. रीत दिसली की तिच्यामागचं कारण शोधायचं. आणि कारण असं शोधायचं, की ते आपल्यालाही कारण म्हणून पटण्याजोगं वाटलं पाहिजे. "ते लोक असेच आहेत" हे कारण नव्हे. ती चिकटपट्टी झाली.

आता जिन्याकडे येतो. त्या भागात, म्हणजे श्वाबिया म्हणतात त्या प्रांतात, एक रीत आहे, केअरवोखे. शब्दाचा अर्थ झाडण्याचा आठवडा. घरात जितकी बिऱ्हाडं, तितक्यांना पाळीपाळीने एकेक आठवडा येतो. ज्याचा आठवडा, त्याच्या दाराला एक लहानशी पाटी लटकते. त्याने जिना झाडायचा, पुसायचा, कधी घरापुढचा पदपथही झाडायचा. बर्फ पडला तर सकाळी लोकांची ये-जा सुरू होण्याआधी तो बाजूला करायचा. डॉक्टर असो, न्यायाधीश असो, पाटी कोणाला चुकत नाही.

माझ्या दाराला पाटी लागली. मंडळी, आज पन्नाशीच्या आतल्यांना हे विचित्र वाटेल, पण चौतीस वर्षांत मी हातात झाडू धरला नव्हता. घरात आई, मग पत्नी. जिना झाडायला कोणी येई, तिचं नावसुद्धा मला माहीत नव्हतं. आणि रस्ता? रस्ता कोण झाडतं, हे आपल्याला न सांगता माहीत असतं. मी काय केलं? शेजारच्या गल्लीत एक तुर्की कामगार कुटुंब राहायचं. त्यांच्या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाला गाठलं. पाच मार्क ठरवले. मला फार हुशारी केल्यासारखं वाटलं.

शनिवारी तो मुलगा जिना पुसत असताना तळमजल्यावरच्या बाई बाहेर आल्या. त्यांनी वर येऊन माझं दार वाजवलं. मी बचावाच्या तयारीत. पण त्या रागावल्याच नाहीत. काळजीने विचारलं, "तुमची तब्येत बरी नाही का?"

मला उत्तर देता येईना. खरं उत्तर काय होतं? "बाई, तब्येत उत्तम आहे, पण मी प्राध्यापक आहे आणि जन्माने अमुक आहे"? हे जर्मनमध्ये सांगायला माझ्याकडे व्याकरण होतं, तोंड नव्हतं. त्यांच्या जगात धडधाकट माणसाने आपली पाळी दुसऱ्याला देण्याचं एकच कारण संभवत होतं, आजारपण. माझ्या जगात दुसरं कारण होतं, आणि ते इतकं आतलं होतं की त्या क्षणापर्यंत ते कारण आहे, हेही मला ठाऊक नव्हतं. परक्या देशात येऊन महिना झाला नव्हता, भाषा धड येत नव्हती, पण माझ्याहून खालचा कोण हे मी बिनचूक शोधून काढलं होतं. तिथे झाडण्याची पाळी येते. आपल्याकडे झाडण्याची जात येते.

पुढच्या पाळीला मी झाडलं. वाईट झाडलं. बाईंनी कोपरे दाखवले. तो पहिला महिना मी आईला पत्रात सगळं लिहिलं. हे नाही लिहिलं.

पुढे मला डॉ. आंबेडकरांचं एक लहान आत्मकथन आठवत राहिलं, 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. त्यात ते सांगतात, की युरोप-अमेरिकेतल्या पाच वर्षांत आपण अस्पृश्य आहोत ही जाणीवच पुसली गेली होती. १९१७ मध्ये बडोद्याला नोकरीसाठी परतल्यावर, राहायचं कुठे, या प्रश्नाने ती परत आली. बघा, आपण "परदेशात परकं वाटतं" असं सरसकट म्हणतो. पण ज्याला स्वदेशात घर मिळत नव्हतं त्याला परदेशात पहिल्यांदा माणसासारखं वाटलं. तेव्हा "आपली संस्कृती" आणि "त्यांची संस्कृती" असे दोन गठ्ठे करण्याआधी विचारावं, आपली म्हणजे कोणाची? माझ्या जिन्यावरची की तो झाडणाऱ्या बाईची? आणि झाडू काही आपल्याला परका नव्हता. गाडगेबाबांनी गावोगाव हातात खराटा घेऊनच सगळं सांगितलं. आम्ही ते कीर्तन ऐकलं, खराटा मात्र त्यांच्याच हातात ठेवला.

ही दुसरी पायरी. दुसऱ्याची रीत खरोखर समजून घेतली, की ती आपल्याला प्रश्न विचारते. तो प्रश्न ऐकून घेणं हा आदर. गाडामर नावाचे जर्मन तत्त्वज्ञ, १९६० साली त्यांचं 'सत्य आणि पद्धती' हे पुस्तक आलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की पूर्वग्रह नसलेला माणूस नसतो. पण खऱ्या संवादात शिरायचं तर दुसऱ्याचं बरोबर असू शकतं, ही शक्यता मनात उघडी ठेवावी लागते. जैनांचा अनेकान्तवाद काही अंशी हेच सांगतो. माझं विधान एका अंगाने खरं आहे. दुसरं अंग मला दिसत नसेल, तर ते ज्याला दिसतं त्याला विचारलं पाहिजे.

पण थांबा. हे ऐकून वाटेल, की आदर म्हणजे आपण नेहमी मान खाली घालायची. तसं नाही. आता उलट बाजू.

१९८५ ची दिवाळी नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात होती. तोवर माझी पत्नी आली होती. तिने दाराबाहेर, त्याच जिन्याच्या चौकात, रांगोळी काढली. मध्ये स्वस्तिक. पणती लावली. संध्याकाळी तळमजल्यावरच्या बाई वर आल्या. रांगोळीकडे बघितलं, आणि भिंतीला धरून उभ्या राहिल्या. काही न बोलता खाली गेल्या.

आपल्याला माहीत आहे, नाझींचं चिन्ह. त्यांच्या भाषेत हाकेनक्रॉइत्स, आकड्यांचा क्रूस. जर्मन दंडसंहितेच्या कलम ८६अ नुसार ते जाहीरपणे मिरवणं हा गुन्हा आहे. आमच्या रांगोळीचा अर्थ वेगळा, हे उघड आहे. आपलं चिन्ह हजारो वर्षांचं, त्यांचं वीस-पंचवीस वर्षांचं. पण आणखी एक गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती. १९३८ साली ९ नोव्हेंबरच्या रात्री जर्मनीभर ज्यूंची प्रार्थनास्थळं जाळली गेली. ट्युबिंगेनचंही जाळलं. त्या बाई तेव्हा पंचविशीच्या आसपास, त्याच गावात. आमची रांगोळी त्या तारखेच्या अगदी पाठोपाठ आली होती.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं खाली गेलो. लाडू नेले. पत्नीने कागदावर स्वस्तिक काढून दाखवलं, चार टिंबांसकट. मी अर्थ सांगितला, सु अस्ति, कल्याण असो. बाईंनी नीट ऐकलं. मग त्या म्हणाल्या, "तुमचं समजलं. पण माझे डोळे तुमचे नाहीत." आणि त्यांनी त्या रात्रीचं जे सांगितलं, ते मी इथे सांगणार नाही. ते त्यांचं आहे.

पुढच्या वर्षी पत्नीने बाहेर कमळ काढलं आणि स्वस्तिक देवघरात, आत. घरी आल्यावर एका नातेवाइकांनी विचारलं, "म्हणजे तुम्ही माघार घेतलीत?" मी म्हटलं, दोन गोष्टी वेगळ्या करा. २००५ मध्ये युरोपीय संघात नाझी चिन्हांवर सगळीकडे बंदी आणावी अशी मागणी झाली, २००७ मध्ये विषय पुन्हा निघाला. तेव्हा ब्रिटनमधल्या हिंदू संघटनांनी आपली बाजू जाहीरपणे मांडली. बरोबरच केलं. बंदी आली नाही. कायद्यापुढे, सभेत, शाळेत आपला अर्थ ठामपणे सांगायचा. पण एका म्हाताऱ्या बाईच्या रोजच्या जिन्यावर तो हक्क बजावायचा नाही. हक्क असणं आणि तो प्रत्येक वेळी वापरणं यांत जे अंतर आहे, त्यालाच शेजार म्हणतात. आणि लक्षात घ्या, आम्ही न सांगता गपचूप कमळ काढलं असतं तर ती भीती झाली असती. सांगून, ऐकून, मग काढलं.

ही तिसरी पायरी. आदर म्हणजे दोन्हीकडून कारणं देणं-घेणं. गप्प बसण्यात ते होत नाही, नक्कल करण्यातही होत नाही.

मग दुसऱ्याची प्रत्येक रीत मान्य करायची का? नाही. मी तीन प्रश्न विचारतो. ही रीत कशासाठी आहे? तिची किंमत कोण मोजतं? आणि जो किंमत मोजतो त्याला नाही म्हणता येतं का? रविवारच्या शांततेची किंमत सगळे थोडी थोडी मोजतात. जिन्याचंही तसंच. आपल्याकडच्या सफाईची किंमत एकच समाज मोजत आला, आणि त्याला नाही म्हणता येत नव्हतं. हे तीन प्रश्न त्यांच्या रीतींना लावा, आपल्याही लावा. फक्त एकाच बाजूला लावले तर तो विचार नव्हे, वकिली.

शेवटचं. १९८६ च्या अखेरीला मी परत आलो आणि उत्साहाने आमच्या सोसायटीचा जिना झाडायला लागलो. शेजारी म्हणाले, "सर, तुम्ही कशाला? बाई येते ना." आणि जी बाई यायची तिने तिसऱ्या दिवशी घाबरून विचारलं, "सर, माझं काम काढून घेणार का?" मी झाडू खाली ठेवला. रीत अशी मुळासकट उपटून आणता येत नाही, तिकडची माती इकडे नसते. पुढे एवढं झालं, की त्या बाईंना रविवारची पगारी सुट्टी द्यायची आणि त्या दिवशी जिना बिऱ्हाडांनी पाळीने झाडायचा असं बैठकीत ठरलं. बारा बिऱ्हाडांपैकी चारांनी पाळलं. बाकीच्यांचा जिना रविवारी तसाच राहायचा. पण सुट्टी टिकली. आणि त्या बाईंचं नाव मी विचारून घेतलं, बारा वर्षांनी.

आता तुमचे प्रश्न घेऊ.

प्रश्न: तुम्ही म्हणता समजून घ्या. पण तिकडे वंशद्वेष असतोच ना? तो कसा समजून घ्यायचा?

उत्तर: असतो. मलाही एके ठिकाणी माझं नाव ऐकल्यावर घर "आत्ताच गेलं" असं सांगितलं होतं. आडाखा सोपा आहे. जो नियम सर्वांना लागतो आणि तुम्हालाही लागतो, ती रीत. तिचं कारण शोधा. जो फक्त तुम्हाला लागतो, तो अपमान. तिथे समजूतदारपणा दाखवू नका, तक्रार करा, कायदा वापरा. फक्त घाई करू नका. माझा खिळा मी अपमान समजलो होतो, ती रीत निघाली. आणि जाता जाता, आपल्या शहरात घर भाड्याने देताना आपण आडनाव का विचारतो, हेही एकदा स्वतःला विचारा.

प्रश्न: मुलगा-सून तिकडे आहेत. आम्ही दोघं सहा महिन्यांसाठी जातोय. आम्ही काय करावं?

उत्तर: पहिल्या आठवड्यात शेजाऱ्यांकडे स्वतः जा, मुलाला पुढे घालू नका. तिथल्या भाषेतले चार शब्द पुरतात: नमस्कार, आभार, माफ करा, आणि "हे कसं करायचं, दाखवता का?" हा चौथा सर्वांत महत्त्वाचा. विचारणाऱ्या माणसावर सहसा कोणी रागावत नाही. आणि सुनेच्या घरातल्या रीतींनाही हेच लावा. परदेश कधी कधी आपल्याच मुलाच्या स्वयंपाकघरात सुरू होतो.